डाव्या बाजूचा ब्रेक

सुनीतीबाई चांदोरकरांना गाडी चालवता येत नाही, असं भवानीपूरच्या त्या गल्लीत कोणीच म्हणत नसे. लोकांचं म्हणणं एवढंच होतं, की त्यांची गाडी निघाली की बाकीच्यांना काही चालवता येत नाही. कोपऱ्यावरच्या क्लबाच्या ओट्यावर कॅरम खेळणारे गृहस्थ लाल गाडीचा हॉर्न ऐकला की खेळ थांबवत, पाय वर घेत आणि बोर्ड दोन्ही हातांनी धरून बसत. गाडी गेली की पुन्हा सोंगट्या लावत. यात चेष्टा होती, पण थोडी सावधगिरीही होती. एकदा खरोखरच राणी हरवली होती.

खरं म्हणजे या घरात गाडी चालवायची ती भालचंद्ररावांनी, अशीच रीत होती. भालचंद्रराव मूळचे साताऱ्याचे, बँकेत अधिकारी. तीन वर्षांच्या बदलीवर कोलकात्याला आले, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं भलतंच कडवं मोठ्या आवाजात सुरू करून बसले, आणि मागच्या रांगेतून जिचं हसू ऐकू आलं तिच्याशी त्यांचं लग्न झालं. ती याच शहरात जन्मलेली, वाढलेली. तिचं बंगाली ऐकून मासळीवालासुद्धा फसायचा. भालचंद्रराव पुढे कोलकात्याचेच झाले, पण बंगाली भाषेनं काही त्यांना घरात घेतलं नाही.

तीस वर्षं त्यांनी गाडी चालवली आणि तीस वर्षांत गाडीला ओरखडा पडू दिला नाही. त्याचा त्यांना फार अभिमान होता. सुनीतीबाई डाव्या सीटवर बसत आणि तोंडानं गाडी चालवत. "ब्रेक! अहो, ब्रेक! ती बस बघा." भालचंद्रराव ऐकत नसत. आणि बाईंनी काही मागितलं, की त्यांचं एकच उत्तर तयार असे.

"एस्प्लनेडला जरा थांबू या का? पडद्याचं कापड बघते."

"पार्किंग मिळणार नाही."

"मग नदीवर तरी जाऊ."

"तिथे तर मुळीच मिळणार नाही."

अशा रीतीनं सुनीतीबाईंनी जवळजवळ सगळं कोलकाता पाहिलं होतं, पण डाव्या काचेतून आणि पळतं.

मग भालचंद्ररावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता क्लच विसरा. ते सगळं ऐकून घेऊन सुनीतीबाई दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या. तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. मैदानाच्या कडेनं, फोर्ट विल्यमच्या बाजूला त्या सकाळी शिकायला जात. तिथे पहाटे रस्त्यावरून पळणारे जवान हळूहळू गवतातून पळू लागले. पण बाई शिकल्या. पहिल्याच परीक्षेत पास झाल्या, आणि आल्या आल्या फाटकाच्या खांबाला गाडी घासून उभी केली.

तेव्हापासून भालचंद्रराव डाव्या सीटवर आले. ते तोंडानं काही बोलत नसत, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्यांचा उजवा पाय बोलायचा. समोर सायकल आली, कुत्रं आलं, नुसती सावली आली, तरी तो पाय खालच्या रबरी चटईवर दाणकन पडायचा आणि तिथेच दाबून राहायचा. सहा वर्षांत त्या चटईला टाचेएवढं भोक पडलं.

"अहो, तिथे ब्रेक नाहीये," सुनीतीबाई म्हणत.

"माहीत आहे मला."

"मग दाबताय काय?"

"तू दाबत नाहीस म्हणून."

आता या शहरात गाडीला गाडी लागली तर काय होतं? दोघं उतरतात, आवाज चढतात, येणारेजाणारे न्यायाधीश होतात, अर्धा तास शास्त्रार्थ चालतो आणि शेवटी सगळे चहा पिऊन घरी जातात. कागदावर काही उरत नाही. सुनीतीबाईंना हे जमत नसे. बंगाली फर्डं होतं, भांडता आलं असतं. पण लहानपणापासून त्यांना एकच सांगितलेलं, आपली चूक असेल तर आपण म्हणायचं. त्या उतरायच्या, हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "चूक माझी." समोरचा हिरमुसून जायचा, जमलेले न्यायाधीश तर फारच. मग त्या घरी येऊन विम्याच्या एजंटला फोन करायच्या आणि काय झालं ते मीठमसाला न लावता सांगायच्या. फाटकाचा खांब दोनदा, एकदा जाताना नि एकदा येताना. खिदिरपूरच्या पुलाचा कठडा. गार्डन रीचच्या रस्त्यावर बंद पडलेली एक बस. आणि मुलीच्या अंगणातलं तुळशीवृंदावन. मुलगी नूपुर गार्डन रीचला रेल्वेच्या बंगल्यात राहायची. जावई सुश्रुत रेल्वेत अधिकारी. दर रविवारी सुनीतीबाई गाडी घेऊन नातीला, ईशाला भेटायला तिथे जात. ईशाचं मराठी अर्धंमुर्धं होतं, पण मत पक्कं होतं. ती म्हणायची, "आजी, तू खूप भालो चालवते. बाबा स्लो आहे."

आणि येताना बाई एस्प्लनेडला थांबत. पार्किंग मिळायचं. थोडं लांब मिळायचं, कधी दोन फेऱ्या मारून मिळायचं, पण मिळायचं. पडद्याची कापडं घेऊन झाली, कपबश्या घेऊन झाल्या. आता घ्यायला काही उरलं नव्हतं तरी त्या थांबत. नुसतं उतरून पदर सारखा करायचा, गाडीला कुलूप लावायचं आणि किल्ली पर्समध्ये टाकून चालू लागायचं, यातच त्यांना काय ते मिळत असावं.

त्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी विम्याची मुदत संपत आली, आणि उन्मेष तोंड लहान करून घरी आला. उन्मेष म्हणजे त्यांचा एजंट, मंडळातलाच मुलगा. मुलगा म्हणायचं, पन्नाशीचा होता.

"काकू, कंपनी नाही म्हणते."

"काय नाही म्हणते?"

"फुल विमा देत नाही. क्लेम फार झालेत. थर्ड पार्टी मिळेल, तो कोणालाही नाकारता येत नाही. म्हणजे तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर दुसऱ्याचं नुकसान भरून मिळेल. आपल्या गाडीचं काही मिळणार नाही."

सुनीतीबाईंनी विचार केला. "मग मी दुसऱ्यालाच धडकत जाईन."

पेपराआडून भालचंद्ररावांचा खोकला आला. ते हसत होते. अलीकडे त्यांचा चेहरा, ज्यानं पाऊस पडणार असं सांगितलं आणि तो खरंच पडला, अशा माणसासारखा झाला होता.

नूपुरनं फोनवर अट घातली. "आई, फुल विमा मिळाला तर गाडी ठेव. नाही मिळाला तर विकायची. कंपनीलाच जर भरवसा नसेल तर मी कशाच्या भरवशावर तुला पुलावरून येऊ देऊ? सुश्रुतच्या ऑफिसातला रोहन जुनी गाडी शोधतोय. पूजेच्या आधी काय ते ठरव."

"आणि मी रविवारी कशी येऊ?"

"कॅब पाठवीन ना मी."

"कॅबनं पार्सल येतात," असं म्हणून सुनीतीबाईंनी फोन ठेवला. नंतर मात्र त्या बराच वेळ अंगणात गाडीपाशी उभ्या होत्या. गाडी पुसत होत्या म्हणे. फडकं कोरडंच होतं.

उन्मेषनं आणखी दोन कंपन्यांत विचारलं. या धावपळीत मुदत उलटून गेली. मुदत उलटली की गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि नवा विमा हवा तर कंपनीचा माणूस येऊन गाडी बघतो, सुरू करून पुढे-मागे घ्यायला लावतो, फोटो काढतो, मग काय ते कळवतो. गाडी अंगणात उभी राहिली. कॅरमवाल्यांनी पहिले दोन दिवस निवांत खेळून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक जण येऊन विचारून गेला, बौदींची, म्हणजे वहिनींची, तब्येत बरी आहे ना?

शेवटी एका कंपनीनं सांगितलं, माणूस पाठवतो, पण खात्री देत नाही. उन्मेष ते सांगायला आला तेव्हा भालचंद्रराव चहा घेत होते.

"बघू देत की," ते उदार होऊन म्हणाले. "पण तुला सांगतो उन्मेष, या कंपन्यांना अक्कल असते हो. कोण कशी गाडी चालवतो ते त्यांना बरोबर कळतं."

उन्मेषनं बशीत चमचा ठेवला, परत उचलला. "काका, तसं नाही ते. गाडी तुमच्या नावावर आहे."

"असेना."

"म्हणजे विमा तुमच्या नावावर. क्लेम पण तुमच्या नावावर." त्यानं काकूंकडे पाहिलं, मदत मिळेना. "त्यांच्या कॉम्प्युटरवर काकू नाहीतच. तिथे आहे ते एवढंच, की भालचंद्र चांदोरकर हा माणूस दर वर्षी कुठे ना कुठे आपटतो. ते फोनवर तुम्हालाच हाय रिस्क म्हणत होते."

मग सुनीतीबाईंना हसू आवरेना. चाळीस वर्षांपूर्वी आरतीत आलं होतं तेच ते हसू, त्याच मागच्या रांगेतलं.

"मी?" भालचंद्रराव म्हणाले. "मी हाय रिस्क?"

"अक्कल असते हो कंपन्यांना," सुनीतीबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या.

"तीस वर्षं! ओरखडा नाही तीस वर्षांत!"

"ते त्यांना कुठे माहीत? तुम्ही कधी क्लेमच केला नाहीत. केला असता तर ओळख राहिली असती."

भालचंद्ररावांनी कप खाली ठेवला. आतापर्यंत गाडी गेली तर बरं, असं त्यांना मनातून वाटत होतं. पण आता गाडी गेली तर ती त्यांच्यामुळे गेली, असं कायमचं होणार होतं. "त्या माणसाला येऊ दे," ते म्हणाले. "गाडी मीच पुढे-मागे घेऊन दाखवतो. बघू दे त्याला, रिस्क कशाला म्हणतात."

"अहो, तुमचा गुडघा."

"अंगणात चार हात गाडी न्यायला गुडघा कशाला लागतो?"

"क्लचला लागतो," उन्मेष म्हणाला. पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

विश्वकर्मा पूजा नुकतीच होऊन गेली होती. गल्लीतल्या सगळ्या रिक्षांना अजून सुकलेल्या माळा होत्या, तारांत त्या दिवशी उडवलेले पतंग अडकलेले होते. क्लबाच्या पूजेच्या मंडपाचे बांबू दरवर्षीप्रमाणे चांदोरकरांच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेले होते. सकाळी सुनीतीबाईंनी गाडी धुतली, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, टपावरून झेंडूची माळ सोडली आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. नव्या कामाला गाडी निघायची तर चाकाखाली लिंबू हवं. हे त्यांच्या आईनं वडिलांच्या सायकलीलासुद्धा केलं होतं. विमा मिळाला तर नवं काम, आणि नाही मिळाला तर गाडीला निरोप. दोन्हीला लिंबू चालत होतं.

कंपनीचा माणूस स्कूटरवर आला. नाव माइतीबाबू. गोल चेहऱ्याचा, घाम पुसणारा, शांत माणूस. त्यानं स्कूटर बांबूंच्या शेजारी सावलीत लावली, स्वस्तिक पाहून गाडीला नमस्कार केला आणि फोटो काढायला लागला. हिंदी-बंगाली मिसळून बोलत होता, बाईंना माशीमा म्हणजे मावशी आणि भालचंद्ररावांना मेशोमोशाई म्हणजे काका म्हणत होता.

"गाडी छान ठेवलीय, माशीमा. कोण चालवतं?"

सुनीतीबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात भालचंद्रराव खुर्चीतून उठले. "मी दाखवतो," असं हिंदीत म्हणत ते उजव्या बाजूनं गाडीत बसले. सहा वर्षांनी. सीट मागे घेतली, आरसा हलवला, पुटपुटत गिअर तपासले. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून सुनीतीबाई डावीकडे जाऊन बसल्या. सगळं पूर्वीसारखं झालं. त्यांचे पाय आपोआप चटईच्या भोकावर गेले.

"थोडीशी पुढे घ्या, मेशोमोशाई," माइतीबाबू फाटकाजवळून म्हणाले. "एवढीच. मग मागे."

गाडी सुरू झाली. भालचंद्ररावांनी हळूच क्लच सोडला. गुडघ्यानं कुरकुर केली पण साथ दिली. चाकं हलली आणि चारही लिंबं एकदम फुटली. फट् फट् असा आवाज झाला, गाडीला खालून हिसका बसला.

"अहो, ब्रेक!" सुनीतीबाई तीस वर्षांच्या सवयीनं ओरडल्या.

आणि भालचंद्ररावांनी सहा वर्षांच्या सवयीनं उजवा पाय समोर दाणकन टाकला आणि दाबून धरला.

डाव्या सीटसमोर तिथे चटई असते. उजव्या सीटसमोर तिथे ॲक्सिलरेटर असतो.

गाडी बांबूंत गेली. बांबू एकेक करून, जणू विचार करत, खाली येऊ लागले. पहिला बॉनेटवर, दुसरा टपावर, आणि उरलेले सगळे मिळून माइतीबाबूंच्या स्कूटरवर. स्कूटर आडवी झाली आणि तिचा हॉर्न वाजू लागला. तो बंद होईना. क्लबातून कॅरमवाले धावत आले, सवयीनं बोर्ड हातात घेऊनच.

कोणाला काही लागलं नव्हतं. माइतीबाबू फाटकाला पाठ चिकटवून उभे होते. ते भानावर आले, धावत डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून म्हणाले, "माशीमा! ठीक आहात ना?"

भालचंद्ररावांना कोणी काही विचारलं नाही. ते स्टिअरिंग धरून समोर बघत होते. टपावरचा झेंडू घसरत काचेवर आला आणि त्यांच्या नाकासमोर थांबला.

स्कूटर उभी केली गेली. तिचा आरसा तुटला होता, तो भरून देण्याचं ठरलं. खुर्च्या आल्या, सरबत आलं. एक लिंबू अर्धं बचावलं होतं, ते त्यातच पिळलं असं गल्लीत सांगतात, पण ते खरं नसावं. माइतीबाबूंनी पेला रिकामा केला आणि सुनीतीबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाईंना आपण आजारी आहोत की काय असं वाटलं.

"आता सगळं कळलं मला," ते म्हणाले. "खांब दोनदा, पूल, बस... एवढी वर्षं तुम्ही यांच्या शेजारी बसून जाता?"

सुनीतीबाईंनी सरबताचा जग खाली ठेवला. हे चाललं होतं ते त्यांच्या फायद्याचं होतं, हे त्यांना कळत होतं. पण चूक आपली असेल तर आपण म्हणायचं.

"नाही हो, दादा. ते सगळं मी केलं. हे नव्हते चालवत. खांब मी, पूल मी, बसपण मीच. यांना तीस वर्षांत ओरखडासुद्धा आला नव्हता."

माइतीबाबूंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझी आईही अशीच होती," ते म्हणाले. "बाबांचं सगळं स्वतःवर घ्यायची."

"अहो, खरंच सांगतेय मी! विचारा यांना."

माइतीबाबू भालचंद्ररावांकडे वळले. कॅरमवालेही वळले. उन्मेषही वळला, त्याला तर सगळं माहीत होतं. सुनीतीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. आता ते सांगणार. एवढी वर्षं जपलेलं त्यांचं नाव होतं, सांगणारच. आणि सांगितलं की गाडी रोहनची.

भालचंद्ररावांनी गुडघ्यावरून हात फिरवला. बॉनेटकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं. मग आयुष्यात प्रथमच एक पूर्ण बंगाली वाक्य बिनचूक बोलले. त्याचा अर्थ असा, की दोष सगळा माझा आहे.

सुनीतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"गाडी माशीमांच्या नावावर करा," माइतीबाबू उठत म्हणाले. "त्यांच्या नावावर एकही क्लेम नाही. बंपर दुरुस्त करा, कागद झाले की बोलवा, मी येईन, लिहीन चांगलं. ही मागे तेवढी तुम्हीच घेऊन ठेवा, माशीमा."

सुनीतीबाई उजव्या बाजूनं बसल्या. सगळ्यांनी बांबू बाजूला केले. बाईंनी गाडी अशी हळू, अशी सरळ मागे घेतली, की कॅरमवाल्यांपैकी एकानं टाळी वाजवली आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

"बघा," माइतीबाबू भालचंद्ररावांना म्हणाले. "याला म्हणतात चालवणं."

ते पुन्हा आले तेव्हा स्कूटर त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच लावली होती.

कागद व्हायला वेळ लागला, पूजा होऊन गेली, मंडप उतरून बांबूही गेले. नूपुरनं अटीत 'पूजेच्या आधी' म्हटलं होतं ते ईशानं सोडवलं. काली पूजा पण पूजाच ना, असं ती म्हणाली. आणि दिवाळीतल्या काली पूजेच्या आधी विमा आला. फुल. सौ. सुनीती भालचंद्र चांदोरकर यांच्या नावानं.

त्या रविवारी गार्डन रीचहून परतताना बाईंनी काही न विचारता गाडी एस्प्लनेडकडे घेतली. भालचंद्रराव डावीकडे बसले होते. पायाखाली नवीन चटई होती.

"पार्किंग..." ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. मिळेल म्हणतोय."

मिळालं. दोन गाड्यांच्या मध्ये, जरा अरुंदच. सुनीतीबाईंनी आरशात पाहिलं, मागे घेतली, अजून थोडी घेतली, आणि मागच्या लोखंडी खांबाला टक् असं लागलं. पार्किंगची पावती फाडणारा माणूस हात वर करत, तोंड सोडत त्यांच्याकडे निघाला.

बाईंनी काच खाली केली. "चूक..." त्यांनी सुरुवात केली.

त्याआधीच डावीकडची काच खाली गेली होती. भालचंद्ररावांनी मान बाहेर काढली.

"दोष सगळा माझा आहे!" ते खणखणीत बंगालीत ओरडले. त्यांना तेवढंच एक वाक्य येत होतं, आणि आता ते त्यांना फार आवडू लागलं होतं.